वाढीचं पत्र, ऑफरचं पत्र

२०२२च्या जूनमध्ये माझ्या भाचीने मला दोन कागदांचे फोटो पाठवले. पहिलं तिच्या कंपनीचं वाढीचं पत्र. सीटीसी सहा लाखांवरून सहा लाख अठ्ठेचाळीस हजार, म्हणजे आठ टक्के. दुसरं हिंजवडीतल्याच दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर, आठ लाख दहा हजारांचं. खाली तिची एकच ओळ होती : “मामा, पस्तीस टक्के! आता थांबण्यात काही अर्थ आहे का?”

मी आयुष्यभर पगार विभागात काम केलं. आधी एका कारखान्यात, मग एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्यामुळे अशा प्रश्नावर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढं उत्तर देता येत नाही, हा माझा दोष म्हणा. तिला म्हटलं, रविवारी जेवायला ये, येताना पगाराची स्लिप आण आणि त्या ऑफर लेटरचं मागचं पानही आण. मागचं पान कुणी वाचत नाही आणि सगळा मजकूर तिथेच असतो.

आधी ते दिवस आठवा. युक्रेनचं युद्ध फेब्रुवारीत सुरू झालं होतं आणि खाद्यतेल भडकलं होतं. एप्रिलमध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला १२० रुपयांच्या पुढे गेलं होतं. मेमध्ये घरगुती सिलिंडरने हजाराचा आकडा ओलांडला. एप्रिल २०२२ची किरकोळ महागाई ७.७९ टक्के निघाली. रिझर्व्ह बँकेला महागाई चार टक्क्यांच्या आसपास आणि जास्तीत जास्त सहाच्या आत ठेवायची असते. त्या वर्षी सलग तीन तिमाह्या ती सहाच्या वर राहिली, आणि कायद्याप्रमाणे बँकेला नोव्हेंबरमध्ये सरकारला लेखी खुलासा द्यावा लागला. अशा वर्षात आठ टक्के वाढ मिळाली, तर नेमकं काय मिळालं?

हे गणित सोपं आहे, पण बहुतेक जण ते वजाबाकीने करतात. खरं ते भागाकाराचं आहे. पगार १०० चा १०८ झाला. २०२२-२३ या वर्षात भाव सरासरी ६.७ टक्क्यांनी चढले, म्हणजे शंभराची पिशवी १०६.७० ची झाली. १०८ ला १०६.७ ने भागलं की १.०१२ येतात. तिच्या आठ टक्क्यांतली वाढ म्हणावी अशी गोष्ट सव्वा टक्काच होती. बाकीचे पावणेसात टक्के म्हणजे पूर्वी जे विकत घेता येत होतं तेच पुन्हा विकत घेण्याचा खर्च.

“म्हणजे वर्षभर काम करून मला सव्वा टक्का?” भाची म्हणाली.

तेही पूर्ण नाही. पगार वर्षातून एकदा हलतो, भाव मात्र रोज. पगाराचा आलेख काढला तर तो करवतीच्या दातांसारखा दिसतो. एप्रिलमध्ये एकदम वर, मग अकरा महिने हळूहळू खाली, पुन्हा वर. भाव सात टक्क्यांनी चढत असतील तर मार्च महिन्यात त्याच पगाराची ताकद एप्रिलपेक्षा सहा टक्क्यांनी कमी भरते. महागाई दोन टक्के असते तेव्हा हे दात इतके बारीक असतात की हाताला लागत नाहीत. सात टक्क्यांना ते बोचतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांनाच पगार अपुरा वाटू लागतो आणि पोर्टलवर रेझ्युमे अपडेट होऊ लागतात, त्याचं एक कारण हेही आहे.

सरकारी नोकराच्या पगाराला हे दात निम्मेच लांब असतात, कारण त्याचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, निर्देशांकाप्रमाणे बदलतो. केंद्रात तो जानेवारी २०२२ला ३४ टक्के होता, जुलैपासून ३८ झाला, जानेवारी २०२३ला ४२. घोषणा उशिरा होते, पण थकबाकी मिळते. शिवाय सातव्या वेतन आयोगाची तीन टक्के वार्षिक वाढ वेगळी. म्हणजे तिथे महागाईची भरपाई एका खात्यात आणि वाढ दुसऱ्या खात्यात, असा स्वच्छ हिशेब असतो. अर्थात तोही सरकारच्या मर्जीवर. करोनाच्या काळात जानेवारी २०२० ते जून २०२१ भत्ता गोठवला आणि त्या अठरा महिन्यांची थकबाकी दिलीच नाही.

महाराष्ट्रातल्या किमान वेतनाच्या ‘विशेष भत्त्या’लाही निर्देशांकाची अशीच साखळी आहे. ती साखळी फुकट मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी संप केला होता. पुढे १९६३ मध्ये भांडण थेट निर्देशांकाशीच झालं. कामगारांचं म्हणणं होतं की आकडा बाजारातल्या भावापेक्षा कमी दाखवला जातो आहे. मुंबई बंद झाली, सरकारने अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावालांची समिती नेमली आणि निर्देशांकात खोट असल्याचं समितीला मान्य करावं लागलं. गिरणीतल्या माणसाला निर्देशांक समजत होता, कारण महिन्याचा पगार त्यावर ठरत होता. हिंजवडीतल्या पोरांना तो समजत नाही, कारण त्यांच्या पत्रात तो शब्दच नसतो. तिथे एकच टक्का असतो, आणि त्यात महागाई, मेहनत, बढती, साहेबाची मर्जी सगळं एकत्र कालवलेलं असतं.

आठ टक्के आले कुठून?

इथे भाचीला मी जरा थांबवलं, कारण सगळी मेख इथेच आहे. तिला वाटत होतं की कंपनीने तिचं काम पाहिलं, बाजार पाहिला, महागाई पाहिली आणि आठ ठरवले. मी अशा बैठकांमध्ये आकडे पुरवायला बसलो आहे. तिथे क्रम उलटा असतो.

एप्रिलच्या वाढीची रक्कम आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून शिजू लागते. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक बनतं तेव्हा एकूण पगारबिलाच्या इतके टक्के वाढीसाठी, असा एक आकडा ठरतो. तो ठरवताना सल्लागार कंपन्यांची सर्वेक्षणं चाळतात, म्हणजे इतर कंपन्या किती देणार आहेत ते बघतात. आणि त्या इतर कंपन्याही हेच करत असतात! मग तो आकडा विभागांना वाटला जातो. विभागप्रमुखाच्या हातात एक पातेलं येतं, त्यातलंच सगळ्यांना वाढायचं. कुणाला बारा द्यायचे तर कुणाला चार द्यावे लागतात. बेल कर्व्ह म्हणतात तो हाच. तुझ्या साहेबाला तुझं काम कितीही आवडलं तरी पातेल्याबाहेरचं वाढायचा त्याला अधिकार नसतो, आणि ‘वरून बजेट नाही’ हे त्याचं वाक्य सहसा खोटं नसतं.

तारखा जुळवून पाहा. भाचीचे आठ टक्के २०२१च्या दिवाळीच्या आगेमागे ठरले. तेव्हा महागाई पाचच्या खाली होती. युद्ध नव्हतं. पत्रावरची तारीख मे महिन्याची असली तरी आतला आकडा सहा महिन्यांचा शिळा होता.

नव्या माणसाच्या पगाराचा खिसाच वेगळा असतो. प्रोजेक्ट हातात आलेलं असतं, ग्राहक तासाचे पैसे मोजायला तयार असतो, आणि खुर्ची रिकामी राहिली तर ते पैसे बुडतात. त्यामुळे तिथला प्रश्न ‘पातेल्यात किती उरलं’ असा नसून ‘आज बाजारात असा माणूस कितीला मिळतो’ असा असतो. शिवाय भरती करून देणाऱ्या कन्सल्टंटला उमेदवाराच्या वर्षाच्या पगाराचे ८.३३ टक्के, म्हणजे बरोबर एक महिन्याचा पगार देण्याची पद्धत आहे. जुन्या माणसाला दोन टक्के जास्त द्यायला कंपनी कचरते, आणि तो गेला की नव्यासाठी तीस टक्के आणि वर कन्सल्टंटची दक्षिणा आनंदाने मोजते. बाहेरून हा मूर्खपणा वाटतो. आतून त्यात एक कोरडं शहाणपण आहे : दहा जणांना महागाईइतकी वाढ दिली नाही, तर दहाही जण जात नाहीत. दोन-तीन जातात. त्या तिघांच्या जागी महाग माणसं घेणं हे दहाही जणांचे पगार वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं. थांबलेल्या सात जणांच्या थांबण्यावर हा हिशेब चालतो.

२०२२ मध्ये मात्र तो कोलमडला, कारण जाणारे खूपच झाले. जून २०२२च्या तिमाहीत इन्फोसिसने सोडून जाणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण २८.४ टक्के सांगितलं. सप्टेंबरच्या तिमाहीत टीसीएससारख्या स्थिर समजल्या जाणाऱ्या कंपनीतही ते २१.५ टक्के झालं. करोनानंतर परदेशातून कामाचा लोंढा आला होता, एकट्या टीसीएसने २०२१-२२ या वर्षात निव्वळ एक लाखाहून अधिक माणसं वाढवली होती. तीन वर्षं अनुभवाचा प्रत्येक मुलगा-मुलगी दोन-दोन ऑफर खिशात घेऊन फिरत होती. ‘स्विच मारला का?’ हे ‘जेवलास का?’सारखं विचारलं जात होतं.

पस्तीस टक्क्यांची सोलणी

आता मागचं पान. जेवण झाल्यावर आम्ही ताटं बाजूला सारली आणि दोन्ही सीटीसी सोलायला घेतल्या. सीटीसी म्हणजे तुझ्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च. तो तुझा पगार नव्हे. नारळ सालीसकट तोलावा तसं ते वजन असतं.

पहिली साल टक्क्याचीच. पस्तीस टक्के मोजले होते जुन्या सहा लाखांवर. पण सहा लाख आता राहिलेच नव्हते, एप्रिलपासून ते ६,४८,००० झाले होते. त्यावर आठ लाख दहा हजार म्हणजे पंचवीस टक्के. भरती करणारी माणसं नेहमी जुन्या आकड्यावरून टक्के सांगतात, ते मोठे दिसतात म्हणून.

जुन्या नोकरीत बेसिक सीटीसीच्या ४० टक्के होतं, महिन्याला २१,६०० रुपये. सीटीसीतून कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी ३१,१०४, ग्रॅच्युइटीची तरतूद १२,४६८ आणि कामगिरीवर अवलंबून असलेला पाच टक्के हिस्सा ३२,४०० वजा केला. उरलेल्याला बाराने भागलं, तिच्या वाट्याचा निधी २,५९२ आणि व्यवसाय कराचे २०० काढले. हातात ४४,८७७.

नव्या ऑफरमध्ये बेसिक ५० टक्के, ३३,७५० रुपये. कंपनीचा निधी ४८,६००, ग्रॅच्युइटी १९,४८१, आणि कामगिरीचा हिस्सा दहा टक्के, म्हणजे ८१,०००. तेच सगळं वजा-भागाकार करून हातात ५०,८२७. दोन्हीकडे आयकर धरला नाही.

पाच हजार नऊशे पन्नास रुपयांचा फरक. तेरा टक्के.

भाचीचं तोंड उतरलं. मी म्हटलं, इतकीही वाईट बातमी नाही. निधीत जाणारे पैसे कुठे पळाले नाहीत, दोन्ही वाटे मिळून महिन्याला ५,१८४ ऐवजी ८,१०० तुझ्याच खात्यात जमणार आहेत. कामगिरीचा हिस्सा मिळालाच तर वर्षाला तेही आहे. फक्त घरभाडं, मेस आणि स्कूटरचं पेट्रोल हे पस्तीस टक्क्यांतून नव्हे, तर या तेरातून द्यायचं आहे, एवढं ध्यानात ठेव.

कामगिरीच्या हिश्श्याबद्दल दोन शब्द जास्त सांगतो, कारण फसगत बहुधा तिथे होते. तो ‘शंभर टक्के मिळतोच’ असं मुलाखतीत सांगितलं जातं. तो कंपनीच्या नफ्यावर अवलंबून आहे की तुझ्या रेटिंगवर, तिमाहीला मिळतो की वर्षाला, आणि मिळण्याच्या दिवशी हजेरीपटावर असावं लागतं का, हे लेखी विचारावं. शेवटच्या अटीपायी माणसं मार्चच्या मध्यावर नोकरी सोडतात आणि अकरा महिन्यांचा हिस्सा टाकून जातात. जॉइनिंग बोनसचंही तसंच : वर्षाच्या आत सोडलं तर तो परत करावा लागतो. त्याला बक्षीस समजू नये, ते बिनव्याजी कर्ज आहे.

ग्रॅच्युइटीची तरतूद सीटीसीत दर वर्षी दाखवतात, पण कायम नोकरीत ती पाच वर्षं पूर्ण केल्याशिवाय हातात पडत नाही. सूत्र असं : शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. भाचीला तीन वर्षं झाली होती, म्हणजे ती सुमारे सदतीस हजार रुपयांवर पाणी सोडत होती. तिच्यासाठी तो अडथळा नव्हता. पण माझ्या ओळखीत साठ हजार बेसिक असलेल्या एका गृहस्थांनी साडेचार वर्षांनंतर नोकरी सोडली. सहा महिने कळ काढली असती, तर एक लाख त्र्याहत्तर हजार, तेही करमुक्त, मिळाले असते. त्यांना ते नव्या नोकरीत रुजू झाल्यावर कळलं. पेपर टाकण्याआधी कॅलेंडर बघावं ते यासाठी.

निधी काढू नये, नव्या खात्यात वर्ग करावा. पाच वर्षं सलग भरण्याआधी काढला तर त्यावर कर लागतो. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली, तर जुन्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला जरूर द्यावा. नाहीतर दोन्ही कंपन्या आपापल्या परीने प्रमाणित वजावट आणि कराचे खालचे टप्पे तुम्हाला देतात, दोन्हीकडे कर कमी कापला जातो, आणि विवरणपत्र भरताना एकदम मोठी रक्कम भरायला निघते. दर जुलैमध्ये मला चार-पाच फोन तरी याच रडगाण्याचे येतात. आई-वडिलांना कंपनीच्या विम्याचं संरक्षण असेल आणि त्यांना मधुमेह-रक्तदाब असेल, तर जुना विमा संपतो कधी आणि नवा सुरू होतो कधी, हेही पाहावं. वैयक्तिक विमा घेतला तर जुन्या आजारांना थांबण्याचा काळ असतो, कंपनीच्या गटविम्यात तो सहसा नसतो.

कोणाची महागाई?

६.७ टक्के हा देशाचा आकडा. ज्या पिशवीवरून तो काढला, ती २०१२ला पायाभूत धरलेली होती आणि तिच्यात जवळजवळ ४६ टक्के वजन अन्न-पेयांचं होतं. भाचीच्या पगारातला इतका हिस्सा जेवणावर जातच नव्हता. तिचा मोठा खर्च होता वाकडच्या फ्लॅटमधल्या तिच्या वाट्याचं भाडं. ऑफिसं पुन्हा उघडली, घरून काम करणारी मंडळी गावाहून परतली आणि त्या पट्ट्यात घरमालकांनी भाडी चढवली. तिची स्वतःची महागाई देशाच्या महागाईहून जास्त होती. तिने तीन महिन्यांच्या यूपीआयच्या नोंदी काढून गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा ते तिचं तिलाच दिसलं.

आणि गृहकर्जाचा हप्ता तर या निर्देशांकात येतच नाही. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. वीस वर्षांच्या तीस लाखांच्या कर्जाचा दर सातवरून साडेनऊ झाला, तर हप्ता २३,२५९ वरून २७,९६४ होतो. महिन्याला सत्तेचाळीसशे रुपये. पुष्कळ बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली, म्हणून लोकांना तो चटका लगेच बसला नाही, इतकंच. घर घेतलेल्या तिच्या टीम लीडचा आणि भाड्याने राहणाऱ्या भाचीचा हिशेब एकच टक्का लावून करता येत नाही.

उलट दिशेनेही डोळे फसतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई अवघी ०.२५ टक्के निघाली. त्या सुमारास ज्याला सहा टक्के वाढ मिळाली, त्याने तोंड वाकडं केलं असेल. पण २०२२च्या आठांपेक्षा हे सहा कितीतरी भारी होते. एक मात्र खरं : महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरत नाहीत, चढण्याचा वेग मंदावतो. २०२१-२२ पासूनच्या चार वर्षांत महागाई अनुक्रमे साडेपाच, ६.७, ५.४ आणि ४.६ टक्के होती. गुणाकार केला तर शंभराचे १२४ होतात. मार्च २०२१ला सहा लाख मिळवणाऱ्याला मार्च २०२५ मध्ये साडेसात लाखांच्या आसपास मिळत नसतील, तर मधल्या सगळ्या वाढी जमेस धरूनही त्याचा पगार घटलेला आहे.

अमेरिकेत हे सारं जास्त नेमकं मोजलं जातं. अटलांटाची फेडरल रिझर्व्ह बँक नोकरी बदलणाऱ्यांची आणि न बदलणाऱ्यांची वेतनवाढ वेगवेगळी काढते. तिथे जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती. त्या उन्हाळ्यात बदलणाऱ्यांची वाढ साडेआठ टक्क्यांच्या आसपास होती आणि थांबलेल्यांची सहाच्या जरा खाली. म्हणजे उडी मारणारे कसेबसे पाण्यावर तरंगले आणि थांबणारे बुडाले. पण २०२५च्या सुरुवातीला दोघांमधला फरक जवळजवळ मिटला होता. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना तर त्यात व्हिसाची आणखी एक गाठ. एच-वन-बी असलेल्याच्या ग्रीन कार्डच्या रांगेतला नंबर काही अटींवर टिकतो, पण नव्या कंपनीला कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून करावी लागतात.

आपल्याकडेही खिडकी बंद व्हायला वेळ लागला नाही. मार्च २०२४ला टीसीएसची गळती साडेबारा टक्क्यांवर आली होती, आणि त्या आर्थिक वर्षात तिची एकूण माणसं तेरा हजारांहून अधिक कमी झाली. इन्फोसिसची जवळजवळ सव्वीस हजारांनी. दोन वर्षांपूर्वी दोन-दोन ऑफर घेऊन फिरणारी मुलं आता बेंचवर बसून नखं खात होती. बाजार थंडावतो तेव्हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात नवा माणूस आधी डोळ्यांवर येतो, आणि उडी मारणारा बहुधा दोन्ही असतो.

थांबून मागता येतं का?

येतं, पण योग्य खिशातून मागावं लागतं. वाढीचं पत्र हातात पडल्यावर भांडणं निरुपयोगी, कारण पातेलं तोवर रिकामं झालेलं असतं. बोलायची वेळ दिवाळीच्या आसपासची, बजेट शिजत असताना. आणि मागायचं ते ‘महागाई वाढली’ म्हणून नव्हे. महागाई साहेबालाही आहे, तो फक्त मान हलवेल. मागायचं बाजारभावाच्या आधारे : माझ्या कामाचा माणूस आज बाहेरून घ्यायचा तर किती पडेल, आणि माझ्यामागून आलेल्यांना किती दिलं आहे. कंपन्यांकडे अशा दुरुस्तीसाठी, बढतीसाठी, हातचं जाऊ नये म्हणून वेगळी छोटी तरतूद असते. ती जाहीर नसते, मागणाऱ्यालाच मिळते.

काउंटर ऑफरबद्दल माझं मत कडवट आहे. राजीनामा टाकल्यावर रातोरात जे पैसे सापडतात, ते काल का नव्हते? भाचीलाही तिच्या कंपनीने राजीनाम्यानंतर सात लाख तीस हजार देऊ केले. घेतलेही असते तर पुढच्या एप्रिलची वाढ त्यातून वळती झाली असती. मी वाढीच्या यादीच्या रकान्यात ‘आधीच समायोजित’ असा शेरा कितीदा वाचला आहे.

तिने जायचं ठरवलं. एक जुलैला राजीनामा दिला. नोटीस नव्वद दिवसांची, शेवटचा दिवस २८ सप्टेंबर. नव्या कंपनीची एचआर म्हणाली, आता सणांचे दिवस आहेत, १० ऑक्टोबरच्या बॅचला या. आणि माझी ताई, म्हणजे तिची आई, म्हणाली की ५ तारखेला दसरा आहे, त्या मुहूर्तावर रुजू हो, साडेतीन मुहूर्तांपैकी एक.

मी मागच्या पानावरचा सातवा मुद्दा दाखवला. ३० सप्टेंबरपर्यंत रुजू झालेल्यांनाच पुढच्या एप्रिलच्या वाढीत धरलं जाईल, तेही महिन्यांच्या प्रमाणात. त्यानंतर येणाऱ्यांची वाढ थेट एप्रिल २०२४ मध्ये. म्हणजे अठरा महिने पगार जागच्या जागी, आणि भाव सात टक्क्यांनी चढत राहिले तर तेवढ्यात त्याची ताकद दहा टक्क्यांच्या जवळपास झिजणार. तिकडे जुन्या कंपनीत आठ टक्क्यांनी ती एप्रिल २०२३ला सात लाखांवर पोचली असती, आणि पंचवीस टक्क्यांची आघाडी सोळावर आली असती. ३० सप्टेंबरच्या आत रुजू झाली, तर अर्ध्या वर्षाचे चार टक्के मिळून सीटीसी ८,४२,४०० आणि आघाडी वीस टक्क्यांची. फरक वर्षाला ३२,४०० रुपयांचा, आणि पुढची प्रत्येक वाढ त्याच्यावर चढणार.

भाचीने एचआरला मेल लिहिला की मला २९ सप्टेंबरच चालेल. दोन दिवस उत्तर आलं नाही, मग होकार आला. ताईला मात्र तिने खरं कारण सांगितलं नाही. घट बसलेलेच आहेत, नवरात्रातला कुठलाही दिवस चांगला, एवढंच म्हणाली. चौथ्या माळेला, गुरुवारी सकाळी ती नव्या कंपनीच्या गेटवर उभी होती, आणि दसऱ्याला आमच्याकडे सोनं द्यायला आली तेव्हा गळ्यात नवं ओळखपत्र होतं.